डेस्कटॉपवर विमान, लॅपटॉपवर नकाशा : प्रकल्प नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याचं फ्लाइटगिअर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा सिम्युलेटर, पुन्हा सुरू झालं. नववीत आहे, पायलट व्हायचं म्हणतो. यंदा एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून त्याचं एकच चाललंय : नागपूरहून उडायचं आणि बेलोऱ्याला उतरायचं. दोन्ही ठिकाणं जोडणारी सरळ रेघ वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीच्या थोडी दक्षिणेकडून, म्हणजे जवळजवळ आमच्या शिवारावरून जाते.

आज तासभर त्याच्या मागे बसून पाहिलं. अडचण उडवण्यात नाही, नकाशात आहे. नकाशाची खिडकी उघडली की समोरचं आभाळ झाकलं जातं. तो नकाशात आर्वी शोधतो, तेवढ्यात विमान एका अंगावर कलतं. नकाशा बंद करून विमान सरळ करतो, तोवर कुठे होतो ते विसरतो. "काका, नकाशा पाहू का विमान सांभाळू?" त्याचा प्रश्न रास्त आहे.

माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातला जुना लॅपटॉप कपाटात पडून आहे. एका बाजूची बिजागरी तुटली आहे, बॅटरी दीड तास टिकते, रॅम ४ जीबी. तो नकाशासाठी लावायचं ठरवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआय केबल लॅपटॉपला लावली. काही नाही. होणारही नव्हतं. साधारण लॅपटॉपचं एचडीएमआय चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नाही. दोन्ही टोकांना तोटीच, बादली कुठेच नाही. दुकानात येणारी पोरंही हाच प्रयोग करतात म्हणून इथे लिहून ठेवतो : लॅपटॉपला मॉनिटर म्हणून थेट केबल लावून वापरता येत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा मार्ग : नेटवर्कवरून पडदा वाढवणारं एक मोफत सॉफ्टवेअर. डेस्कटॉपला वाटतं आपल्याला दुसरा मॉनिटर मिळाला, आणि त्याचं चित्र लॅपटॉपवर दिसतं. चाललं. नकाशाची खिडकी ओढून लॅपटॉपवर नेली तेव्हा पुतण्यानं टाळ्या वाजवल्या.

पण फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला बदलणारी चित्रं, मोजल्या. एकट्या विमानाला सेकंदाला २४ फ्रेम मिळत होत्या, आता १४. वळताना जमीन तुटक तुटक सरकायला लागली आणि उतरताना तर धावपट्टी उड्या मारत आली.

कारण समजून घ्यायला कागद घेतला. लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. डेस्कटॉपला आधी नकाशा काढायचा, मग ते लाखो ठिपके दाबून बारीक करायचे, मग नेटवर्कवरून पाठवायचे, आणि हे सगळं सेकंदातून कितीतरी वेळा. हे काम त्याच यंत्राच्या डोक्यावर, जे आधीच विमान उडवताना घामाघूम झालंय.

आणि नकाशाला खरं लागतं काय? अक्षांश, रेखांश, उंची, दिशा, वेग. पाच आकडे. रात्री झोपताना हेच डोक्यात होतं. चित्र पाठवूच नये, ठिकाण तेवढं पाठवावं. चित्र लॅपटॉपनं स्वतः काढावं.

१ नोव्हेंबर, शनिवार

फ्लाइटगिअरमध्ये ही सोय आधीपासून आहे. त्याच्या आत एक छोटा वेब सर्व्हर आहे. सुरुवातीच्या खिडकीत सेटिंग्जमध्ये जादा आज्ञा लिहायची जागा असते, तिथे दोन हायफन, मग एचटीटीपीडी, बरोबरचं चिन्ह आणि ८०८० असं जोडून लिहायचं. विमान सुरू झालं की त्याच डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्गासारखे दोन टिंब, ८०८० टाकलं की 'फाय' नावाचं पान उघडतं. त्यात नकाशा आहे. खाली ओपनस्ट्रीटमॅप, वर विमानाचं चिन्ह.

म्हणजे लॅपटॉपवर सिम्युलेटर लागतच नाही. ब्राउझर पुरे. विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतनं १४ ऑक्टोबरला थांबली, त्यामुळे लॅपटॉपवर काय ठेवावं हा प्रश्न तसाही होता. लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ४ जीबीवर बरी चालते. दुपार त्यातच गेली.

विमानातून दिसणाऱ्या जमिनीचा डेटा दिवाळीआधीच वर्ध्याला साळ्याच्या घरच्या वायफायवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणला होता. फ्लाइटगिअर पृथ्वीचे एक एक अंशाचे चौकोन करून ठेवतो. नागपूर ई०७९एन२१ मध्ये, आर्वी ई०७८एन२० मध्ये, बेलोरा ई०७७एन२० मध्ये. आपलं गाव ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव पाठ झालंय, याचा मला फार आनंद आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर एकाच ठिकाणी अडकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरी राउटर नाही, फोनचा हॉटस्पॉट आहे. म्हणून डेस्कटॉप आणि लॅपटॉप एकाच लॅन केबलनं थेट जोडले. पूर्वी अशा जोडणीला उलट्या तारांची वेगळी केबल लागायची. आताचे पोर्ट स्वतःच ओळखतात, साधी केबल चालते. पत्ते हातानं दिले : डेस्कटॉपला १९२.१६८.१०.१, लॅपटॉपला १९२.१६८.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जायच्या वाटेची, जागा दोन्हीकडे रिकामी. हे मुद्दाम, कारण नकाशाची चित्रं इंटरनेटवरून येतात आणि लॅपटॉपनं ती फोनच्या वायफायवरून घ्यावीत. केबलवर गेटवे लिहिला तर तो इंटरनेटही डेस्कटॉपकडेच मागत बसतो. केबलवरून ठिकाण, वायफायवरून नकाशा, अशी वाटणी.

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता टाकला. पान उघडेना. केबल बदलली. पत्ते पुन्हा तपासले. लॅपटॉपच्या पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार ठीक. डेस्कटॉपच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये पान उघडत होतं, म्हणजे सर्व्हरही ठीक. मग अडवतोय तो फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी. पण त्याला तर मी सकाळीच परवानगी दिली होती!

संध्याकाळी सापडलं. परवानगी देताना मी 'खाजगी नेटवर्क' एवढ्यावरच टिक केली होती. गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज 'अनोळखी नेटवर्क' समजतो आणि तिला सार्वजनिक धरतो. म्हणजे माझी परवानगी एका दाराची आणि आम्ही ठोठावत होतो दुसरं. ८०८० पोर्टसाठी, म्हणजे त्या वेब सर्व्हरच्या दारासाठी, आत येणाऱ्या जोडणीचा नवा नियम केला, सार्वजनिकलाही लागू, पण फक्त १९२.१६८.१०.२ या पत्त्यापुरता. एवढं बंधन ठेवावंच, दार सताड उघडं टाकू नये.

पान उघडलं. नागपूर विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकावर इवलंसं विमान उभं. पुतण्यानं थ्रॉटल दिला आणि लॅपटॉपवरचं चिन्ह हललं. फ्रेम मोजल्या : २३.

३ नोव्हेंबर, सोमवार

बिजागरी तुटल्यानं पडदा मागे पडतो. संत्र्याची लाकडी पेटी आडवी ठेवली, पाठीमागे पाट टेकवला. पडदा आता विमानाच्या पडद्याच्या डावीकडे, हातभर खाली. पक्का बसला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते या प्रकल्पात ठरलेलं नव्हतं.

बाबा दुपारी येऊन बसले. एसटीत ड्रायव्हर होते, आर्वी आगारात उभी हयात काढली. आर्वी-वर्धा, आर्वी-पुलगाव, आर्वी-अमरावती हे रस्ते त्यांना वळणावळणानं पाठ. लॅपटॉपजवळची खुर्ची रिकामी होती, ते तिथे बसले. त्यांना विमान दिसत होतं, पण त्यांचं लक्ष नकाशावर.

पुतण्या धावपट्टी ३२ वरून उडाला, उजवीकडे अंबाझरी ठेवून डावीकडे वळला आणि २५७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ पश्चिमेला, विमान धरलं. सेसना १७२ हे छोटं विमान, उंची ४,५०० फूट, वेग ११० नॉट, म्हणजे तासाला ११० सागरी मैल. बेलोरा ७६ सागरी मैल, म्हणजे साधारण १४० किलोमीटर. वारा शून्य ठेवला होता.

दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, "आता डावीकडं पाह्य. बोर धरण यील."

"दिसते आबाजी! पाणी दिसते!"

त्यानंतर नकाशाकडे त्यानं एकदाही मान वळवली नाही. त्याला गरजच उरली नाही. विमान एका रेघेत गेलं. बाबा पुढचं सांगायचे, हा खिडकीतून शोधायचा. "उजवीकडं आर्वी." "आता नदी." अठ्ठाविसाव्या मिनिटाला वर्धा नदी पायाखालून गेली, तिथे आपला जिल्हा संपतो आणि अमरावती लागतो. पुढे चांदूर डावीकडे राहिलं, रेल्वेचे रूळ डावीकडून येऊन विमानाखालून उजवीकडे बडनेऱ्याकडे गेले, आणि बेलोऱ्याची धावपट्टी समोर आडवी नाही, तर सरळ उभी दिसली.

मी दुसरा पडदा करायला निघालो होतो. झाली दुसरी खुर्ची. नकाशा वेगळ्या यंत्रावर गेल्यामुळे तो वेगळ्या माणसाच्या हाती देता आला. चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे झालं नसतं. तिथे माऊस एकच असतो, तो नकाशावर नेला की विमानावरून निघतो. इथे बाबा त्यांच्या मनानं नकाशा मोठा करतात, पुढे सरकवून पाहतात, आणि उडवणाऱ्याच्या हाताला धक्का लागत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी आज दुसरी गोष्ट पकडली. "डाव्या अंगानं समृद्धी दिसला पाहिजे," ते म्हणाले. पुतण्या म्हणाला, नाही दिसत. दोघं बराच वेळ वाद घालत होते.

दोघंही खरे होते. लॅपटॉपवरचा नकाशा आजचा आहे, त्यात समृद्धी महामार्ग ठळक आहे. विमानाच्या खिडकीतली जमीन जुन्या माहितीवरून बनली आहे. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्या जमिनीला त्याची खबरच नाही. बाबांनी तिथल्या तिथे नियम केला : जे नकाशातही आहे आणि खिडकीतही आहे, तेच सांगायचं. नदी, धरण, रेल्वे, मोठं गाव. उड्डाण शाळेत खुणा निवडताना अशाच पक्क्या खुणा निवडायला शिकवतात. बाबा तिथे अनुभवानं पोचले. बसच्या वाटेवर त्यांनी झाड तुटलेलं पाहिलंय, पूल बदललेला पाहिलाय, पण नदी हललेली पाहिली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लाईन गेली. डेस्कटॉप बंद, खोलीत अंधार. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि नकाशावर विमान देवळीच्या वर तसंच थांबलं होतं. बराच वेळ आम्ही तिघं ते पाहत होतो. इन्व्हर्टरचा विचार सुरू आहे, पण वेचणीचे पैसे चुकते झाल्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्या थांबलेल्या चिन्हावरूनच आजचं सुचलं. विमान उडून पाच मिनिटं झाल्यावर मी लॅन केबल काढली. चिन्ह जागीच थिजलं. विमान चालू, नकाशा चालू, फक्त दोघांमधला धागा तुटला. शिवाय हवामानात ३५० अंशांवरून, म्हणजे जवळजवळ उत्तरेकडून, १५ नॉट वारा टाकून ठेवला होता, तो कोणालाच सांगितला नाही.

बाबांनी मनगटावरचं एचएमटी पाहिलं, वेळ जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिली. क्रम मी आदल्या दिवशी सांगितला होता : आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. घड्याळ सांगतं आता कुठे असायला हवं, नकाशा सांगतो तिथे काय दिसायला हवं, आणि मगच बाहेर पाहायचं. उलट करून, खाली दिसलेलं प्रत्येक तळं नकाशात शोधत बसलं, तर मन भरेल तिथे माणूस आपलं ठिकाण मानून टाकतो.

बाराव्या मिनिटाला :

"काय दिसते?"

"पाणी दिसते आबाजी. मोठं आहे."

"कोन्या बाजूनं?"

"उजवीकडं. जवळच."

"उजवीकडं?" बाबांनी पेन्सिल नकाशावर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवली. "बोर तं डावीकडं पाहिजे. चार-पाच किलोमीटर." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे आपणच दक्षिणेकडं सरकलो. कोनी लोटते आपल्याले."

मी गप्प राहिलो. गप्प राहणं अवघड गेलं.

साठाला एकचा नियम त्यांना माहीत होता. साठ मैल गेल्यावर एक मैल सरकलं तर चूक एक अंशाची. २२ मैल आलो, ३ मैल सरकलो : ३ भागिले २२ गुणिले ६०, म्हणजे ८ अंश. एवढं उत्तरेकडे वळलं की आणखी सरकणं थांबतं. परत मूळ रेघेवर बेलोऱ्यालाच भेटायचं तर उरलेल्या ५४ मैलांत ३ मैल भरून काढायचे, आणखी साधारण ३ अंश. एकूण ११. हे गणित पुतण्यानं एका हातानं विमान सांभाळत तोंडी केलं, बाबांनी कागदावर. दोघांचं जुळलं. २५७ चे २६८ केले.

नदी वेळेवर आली. रूळ वेळेवर आले. धावपट्टी नाकासमोर. तेव्हा मी केबल लावली, पान पुन्हा उघडलं. नकाशावर विमान रेघेपासून किलोमीटरभरही दूर नव्हतं.

वहिनी दाराशी चहा घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोणालाच कळलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रात्रीचं उड्डाण, डाकोटा हे दोन इंजिनांचं जुनं विमान, मुंबईहून नागपूर. हे माझ्या मनातलं होतं. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमानं रात्री निघायची, नागपूरला भेटायची, टपालाची पोती आपसांत बदलायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असल्यामुळे हा मान नागपूरला मिळाला. चार दिशांची पत्रं मध्यरात्री सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीजवळ एकत्र यायची, हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

तांत्रिक नोंद : अंधारात लॅपटॉपचा पांढरा नकाशा डोळ्यांवर येतो आणि समोरचा काळोख दिसेनासा होतो. उजेड अगदी कमी केला आणि पडद्यावर लाल जिलेटिन कागद लावला. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय कमी मोडते. तोटा असा की नकाशावरच्या लाल-नारिंगी रस्त्यांच्या रेघा त्यात जवळजवळ नाहीशा होतात. नदीची निळी रेघ काळी दिसते, ती वाचता येते. अर्ध्यातच डेटा संपला, नकाशाचे चौकोन राखाडी राहिले. पुढच्या वेळी वाटेचा नकाशा आधी एकदा सरकवून घ्यायचा, म्हणजे बरेच चौकोन ब्राउझरच्या साठ्यात असतील.

३० नोव्हेंबर, रविवार

पाच मीटरची केबल आणली. बाबांची खुर्ची आणि संत्र्याची पेटी खोलीच्या दुसऱ्या भिंतीला नेली, डेस्कटॉपकडे पाठ करून. बाबांना आता विमानाचा पडदा दिसत नाही, पुतण्याला नकाशा दिसत नाही. मध्ये फक्त आवाज.

वाटही बदलली. नागपूर ते गोंदिया, बिरसीची धावपट्टी, ७४ मैल, ईशान्येच्या बाजूला. त्या रस्त्यांवर बाबांनी एसटी कधी नेली नाही. वळण पाठ नाही, गाव ओळखीचं नाही. केबल सुरुवातीपासूनच काढलेली. वारा मी पुन्हा टाकला, यावेळी पुतण्याला माहीत आहे की वारा आहे, कुठून ते माहीत नाही.

चोविसाव्या मिनिटाला बाबांनी घड्याळ पाहिलं.

"काय दिसते?"

"अजून काई नाई."

"थांब. समोरच पाह्य."

खोलीत डाकोटाच्या इंजिनांची घरघर तेवढी. मग पुतण्या जागेवरून अर्धा उठला. "नदी! आडवी आली आबाजी, रुंद आहे."

"वैनगंगा," बाबा पाठमोरेच म्हणाले आणि कॅलेंडरच्या पाठीवर वेळ लिहिली.